आधी प्रश्न, मग फ्युजन: सार्कोमाची जनुकीय तपासणी कशी मागावी आणि कशी वाचावी

"मॅडम, ईडब्ल्यूएसआर१ पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे युइंगच ना? रिपोर्ट सोडू?"

पॅथॉलॉजीच्या प्रत्येक नव्या बॅचकडून हा फोन मला एकदा तरी येतो. (सार्कोमा म्हणजे हाड, स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींचा कॅन्सर, आणि युइंग हा त्यातलाच छोट्या गोल पेशींचा एक.) माझं उत्तर ठरलेलं असतं: "सोडू नकोस. स्लाइड घेऊन वर ये."

यावेळचा पेशंट सतरा वर्षांचा मुलगा होता. पोटात, पेरिटोनियमवर विखुरलेल्या गाठी. स्लाइडवर छोट्या गोल पेशींची बेटं आणि बेटांच्या मधे दाट, तंतुमय स्ट्रोमा. डेस्मिन लावलं तर केंद्रकाशेजारी एकेक ठिपका उमटला. केराटिनही पॉझिटिव्ह. हा डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर होता. ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक यातही तुटतं, पण जाऊन मिळतं डब्ल्यूटी१ला, एफएलआय१ला नाही. गंमत म्हणजे दोन्ही आजारांत गुणसूत्रंही तीच, ११ आणि २२. युइंगमध्ये ११ची लांब भुजा तुटते, यात आखूड. फोन करणाऱ्या आमच्या रेसिडेंट मुलीने फिश (जनुकाला चमकते ठिपके लावून ते तुटलंय का बघायची तपासणी) अगदी नीट वाचलं होतं. पण ब्रेक-अपार्ट प्रोबला जोडीदार दिसतच नाही. घरातून कोण पळून गेलं एवढं तो सांगतो, कोणाबरोबर गेलं ते नाही.

बावीस वर्षं सॉफ्ट टिश्यूचं रिपोर्टिंग करते आहे. त्यातल्या बऱ्याच चुका मीच केल्या आहेत, काही दुसऱ्यांच्या निस्तरल्या आहेत. नव्या मुलांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून काढते. हे रेसिडेंटसाठी आहे. पण हातात रिपोर्ट घेऊन त्यातल्या दोन ठिपक्यांच्या दोन जोड्यांकडे बघत बसलेल्या घरच्या माणसालाही यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

तुटतं काय, जुळतं काय

थोडक्यात सांगते. दोन जनुकं तुटतात आणि चुकीच्या टोकांनी जुळतात, यालाच फ्युजन म्हणायचं. त्यातून जे प्रथिन तयार होतं ते पेशीला बिघडवतं. बिघडवण्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन. पहिली, दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारं प्रथिन भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं, जसं युइंगमधलं ईडब्ल्यूएसआर१::एफएलआय१. दुसरी, एखादा कायनेज (पेशीत संदेश पुढे पाठवणारं एंझाइम) कायमचा चालू राहतो, जसं ईटीव्ही६::एनटीआरके३. तिसरी, वाढीचा संदेश देणारं चांगलं जनुक दुसऱ्याच्या जोरकस प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या भागाखाली) येतं आणि पेशी स्वतःलाच 'वाढ, वाढ' सांगत सुटते. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्समधलं सीओएल१ए१::पीडीजीएफबी हे याचं उदाहरण. या तीन तऱ्हा लक्षात ठेवा, कारण औषध लागू पडेल का, याचं अर्धं उत्तर त्यात असतं.

युइंगमधली ११ आणि २२ची अदलाबदल १९८३ मध्ये कळली आणि त्यामागची जनुकं १९९२ मध्ये हाती लागली. जेम्स युइंग यांनी या आजाराचं वर्णन १९२१ मध्ये केलं होतं. म्हणजे सत्तर वर्षं लोक हा आजार नुसत्या डोळ्यांनी ओळखत होते, आणि बऱ्याचदा बरोबर ओळखत होते. हे मुद्दाम सांगते, कारण आता डोळे मिटून पॅनल (एकदम अनेक जनुकं बघणारी तपासणी) मागवायची सवय लागली आहे.

नाव लिहिताना मधे दोनदा कोलन द्यायचा, असा संकेत २०२१पासून आहे. जुन्या रिपोर्टांत आडवी रेघ किंवा तिरकी रेघ दिसेल. प्रथिनाची सुरुवात ज्या जनुकातून होते त्याचं नाव आधी येतं. क्रम उलटा दिसला तर लिहिणाऱ्याची चूक आहे की खरंच उलटं जुळलेलं उत्पादन आहे, हे फोन करून विचारा.

टिश्यू: सगळं इथेच बिघडतं

आधी कळस मग पाया, असं आमच्या क्षेत्रात रोज होतं. लाखमोलाचं मशीन आणि खाली फॉर्मॅलिनमध्ये धड न बुडालेला तुकडा. म्हणून या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

फ्युजन बहुतेक वेळा आरएनएमध्ये शोधतात आणि आरएनए फार नाजूक असतो. गाठ शरीराबाहेर आल्यापासून त्याची झीज सुरू होते. तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. मोठी गाठ असेल तर कापून उघडा, नाहीतर बाहेरून शिजल्यासारखी आणि आतून कच्ची राहते. साधारण ६ ते ४८ तास फिक्सेशन पुरतं. शुक्रवारी संध्याकाळी आलेली गाठ सोमवारी दुपारपर्यंत तशीच ठेवली, तर स्लाइड छान दिसेल आणि आरएनएचा भुगा झालेला असेल.

हाडाची बायॉप्सी असेल तर अजून जपा. माझी सगळ्यांत महागात पडलेली चूक इथलीच आहे. एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडातली गाठ. तंत्रज्ञाने नेहमीप्रमाणे सगळाच्या सगळा तुकडा तीव्र ॲसिडमध्ये डिकॅलला (हाडातलं कॅल्शियम काढून ते मऊ करायला) टाकला आणि मी विचारलंच नाही. गोल पेशी दिसल्या, सीडी९९ विरळ, ठिपकेदार. फिशमध्ये सिग्नलच नाहीत. आरएनए काढला तर हाती काही लागलं नाही. त्या मुलाला पुन्हा भूल देऊन पुन्हा बायॉप्सी करावी लागली, आणि उपचार तेवढे दिवस थांबले. तेव्हापासून आमच्या ग्रॉसिंगच्या (गाठ कापून तुकडे निवडायच्या) टेबलावर एक नियम चिकटवला आहे: हाडातला मऊ, करडा भाग चिमट्याने वेगळा काढा, वेगळ्या कॅसेटमध्ये घाला आणि त्याला डिकॅल दाखवूसुद्धा नका. कडक भाग डिकॅल करायचाच असेल तर ईडीटीएमध्ये. त्याला दिवस लागतात, काही वेळा आठवडेसुद्धा, पण डीएनए आणि आरएनए बऱ्यापैकी वाचतात. रिक्विझिशनवर (तपासणी मागवायच्या अर्जावर) 'डिकॅल केलं / नाही' असं लिहा. फिश करणाऱ्याला ते माहीत नसेल तर तो आपलाच प्रोब खराब समजून बसतो.

कोअर बायॉप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यात, टिश्यू एवढासा असतो. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, चढवला की प्रत्येक वेळी तो सरळ करायला काही मायक्रॉन वाया जातात. तीनदा चढवलात तर तीनदा वाया. म्हणून गाठ सार्कोमाची वाटली की पहिल्याच वेळी एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडबरोबर दहा-पंधरा कोऱ्या स्लाइड कापून ठेवा. दोन-तीन कोअर असतील तर प्रत्येकाचा वेगळा ब्लॉक करा. एक आयएचसीत (अँटिबॉडी लावून प्रथिनं रंगवण्यात) खर्ची पडला तरी दुसरा शाबूत राहतो. आणि आयएचसीची वीस अँटिबॉडींची वरात काढू नका. पाच विचारपूर्वक लावा, उरलेलं मॉलिक्युलरसाठी ठेवा.

आरएनए कितपत शाबूत आहे, हे बघायला डीव्ही२०० नावाचा आकडा असतो. दोनशे न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकडे किती टक्के, ते तो सांगतो. ३० टक्क्यांच्या खाली गेला की मी 'निगेटिव्ह' या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

प्रश्न कसा घडवायचा

फ्युजनवाल्या सार्कोमांची एक खूण आहे: पेशी एकसारख्या दिसतात. एकाच साच्यातून काढल्यासारख्या. सगळं जग उलटंपालटं करणारी एकच घटना घडलेली असते, म्हणून त्यांचं रूपही एकसुरी. याउलट, केंद्रकं लहानमोठी, वेडीवाकडी, राक्षसी दिसत असतील तर तिथे बहुधा गुणसूत्रांचा सगळाच गोंधळ असतो आणि फ्युजन पॅनलमधून फारसं काही निघत नाही. नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात इथून करा.

मग वय, जागा, खोली. हे तीन शब्द रिक्विझिशनवर नसतील तर मी स्लाइड परत पाठवत नाही, पण फोन नक्की करते. तान्ह्या बाळाच्या हातावर झपाट्याने वाढणारी तर्कूच्या आकाराच्या (दोन्ही टोकांना निमुळत्या) पेशींची गाठ दिसली की मनात ईटीव्ही६::एनटीआरके३ यायला हवं. तरुण माणसाच्या मांडीच्या खोल भागात मिक्सॉइड (बुळबुळीत, जेलीसारखी) पार्श्वभूमी आणि कोंबडीच्या पायासारख्या फाटे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या तर एफयूएस::डीडीआयटी३. सांध्याजवळ एकसुरी तर्कू पेशी, मधे कुठे ग्रंथींसारख्या रचना, तर एसएस१८::एसएसएक्स. आणि नाव सायनोव्हियल सार्कोमा असलं तरी ती सायनोव्हियमची गाठ नव्हे. हे दर वर्षी कोणाला तरी सांगावं लागतं.

प्रश्न घडला की पुष्कळदा साध्या आयएचसीवरच उत्तर मिळतं. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये एनएबी२ आणि एसटीएटी६ ही जनुकं १२व्या गुणसूत्रावर अगदी शेजारीशेजारी आहेत. त्यांचं फ्युजन फिशच्या नजरेत भरतच नाही, इतकं अंतर कमी. पण एसटीएटी६ची अँटिबॉडी लावा, केंद्रकं तपकिरी होतील आणि विषय संपेल. एपिथेलिऑइड हेमँजिओएंडोथेलिओमात सीएएमटीए१, लो ग्रेड फायब्रोमिक्सॉइड सार्कोमात एमयूसी४, सायनोव्हियलमध्ये आता खुद्द फ्युजनच्या सांध्यावरच बेतलेली एसएस१८-एसएसएक्स अँटिबॉडी. ही शेवटची आली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, कारण त्याआधी टीएलई१वर विसंबून आम्ही बरेचदा फसलो होतो.

मग फ्युजनची तपासणी सगळ्यांना करायचीच का? रूप, जागा आणि आयएचसी एकमुखाने बोलत असतील तर नाही केली तरी चालतं. शंका असेल, वय किंवा जागा विचित्र असेल, टिश्यू कमी असेल, किंवा निदानावर मोठा उपचार ठरणार असेल, तर करायचीच. फ्रान्समधल्या जेनसार्क या अभ्यासात सार्कोमातल्या तज्ज्ञांनीच आधी निदान केलेले ३८४ रुग्ण घेतले होते, आणि मॉलिक्युलर तपासणीनंतर त्यातल्या ५३ जणांचं निदान बदललं. तज्ज्ञांचं! हा अभ्यास २०१६ मध्ये आला, आणि तेव्हापासून 'मला बघूनच कळतं' हे वाक्य मी जरा हळू आवाजात म्हणते.

कोणती तपासणी मागायची

फिश स्वस्तात, लवकर आणि थोड्या टिश्यूत होतं. लाल आणि हिरवा ठिपका एकमेकांना चिकटलेले असतील तर जनुक शाबूत, लांब गेले असतील तर तुटलेलं. निदान शंभर केंद्रकं मोजायची आणि किती टक्क्यांवर पॉझिटिव्ह म्हणायचं, हे प्रत्येक लॅबने आपल्या नॉर्मल नमुन्यांवर ठरवायचं. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

फिश कुठे तोंडघशी पाडतं, ते पाठ करण्यासारखं आहे. ईडब्ल्यूएसआर१ आणि ईआरजी ही जनुकं गुणसूत्रावर उलट्या दिशांनी वाचली जातात. त्यांना जुळायचं तर नुसती अदलाबदल पुरत नाही, मधे गुंतागुंतीची उलथापालथ व्हावी लागते, आणि त्यात ब्रेक-अपार्ट प्रोब कधीकधी शाबूत दिसतो. काही युइंगमध्ये ईडब्ल्यूएसआर१ नसतंच, एफयूएस असतं. तिथे ईडब्ल्यूएसआर१चं फिश निगेटिव्ह येणार हे उघड आहे. बीसीओआर::सीसीएनबी३ एक्स गुणसूत्राच्या एकाच भुजेतल्या उलटण्याने होतं, तेही नजरेतून सुटतं. सीआयसीचं फिश तर चक्क निगेटिव्ह येऊ शकतं आणि गाठ तरीही सीआयसी सार्कोमाच असते. अशा वेळी ईटीव्ही४ आणि डब्ल्यूटी१ची आयएचसी, केंद्रकात रंग आलाय का, हे बघा. माझ्या अनुभवात सीआयसीच्या बाबतीत या दोघी फिशपेक्षा जास्त इमानदार निघाल्या.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. २०२०च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात गोल पेशींच्या सार्कोमांची चार घरं केली आहेत: युइंग, सीआयसीवाले, बीसीओआरवाले आणि ईडब्ल्यूएसआर१ला ईटीएस कुटुंबाबाहेरचा (एफएलआय१, ईआरजी यांच्या कुटुंबाबाहेरचा) जोडीदार मिळालेले. सीआयसीवाले युइंगच्या केमोथेरपीला तितका प्रतिसाद देत नाहीत आणि त्यांची वाटचाल जास्त वाईट असते. 'युइंगसारखा' असा रिपोर्ट पूर्वी सर्रास जायचा, मीही पाठवलाय. आता ते शोभत नाही.

आरएनए सिक्वेन्सिंगला जोडीदाराचं नाव कळतं, हा त्याचा खरा फायदा. पण पॅनल-पॅनलमध्ये फरक आहे. काही पॅनल दोन्ही जोडीदार आधीच माहीत असतील तरच पकडतात. नवा जोडीदार आला की ते गप्प. अँकर्ड पद्धतीत एकच जनुक माहीत असलं तरी पलीकडे कोण आहे ते वाचून निघतं. तपासणी मागवण्याआधी लॅबला दोन गोष्टी विचारा: माझ्या मनातलं जनुक यादीत आहे का, आणि नवा जोडीदार सापडेल का. यादी न बघता पाठवलेलं पॅनल म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

डीएनएचं पॅनल आधीच झालेलं असेल आणि फ्युजन सापडलं नसेल तर ते नाही असं समजू नका. तुटण्याच्या जागा बहुधा इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिनात न उतरणाऱ्या मधल्या भागांत) असतात आणि काही इंट्रॉन प्रचंड लांब असतात. एनटीआरके३ त्यातलंच. पॅन-टीआरके आयएचसी (एनटीआरके जनुकांची प्रथिनं रंगवणारी) हा चाळणीसाठी चांगला पर्याय आहे, पण एनटीआरके३च्या फ्युजनमध्ये रंग फिका येऊ शकतो, आणि स्नायूंच्या गाठी फ्युजनशिवायही रंगतात. पॉझिटिव्ह आलं तर सिक्वेन्सिंगने खात्री करा.

रिपोर्ट आला. आता?

सगळ्यांत आधी ठळक अक्षरांतलं नाव वाचू नका. शेवटच्या पानावरची क्वालिटी वाचा. मग ट्यूमरचं प्रमाण. बहुतेक लॅबना २० टक्क्यांच्या आसपास तरी गाठीच्या पेशी हव्या असतात. पाठवलेल्या भागात निम्मं नेक्रोसिस (मेलेल्या पेशी) असेल तर काय शोधणार?

मग रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे. फ्युजनच्या सांध्यावरून जाणारे वेगवेगळे रीड्स किती आहेत? दोन-चारच असतील तर थांबा. एकदा एका अगदी साध्या दिसणाऱ्या, एस१००ने लखलखणाऱ्या नसेच्या गाठीत एसएस१८::एसएसएक्स१ आलं. रीड्स नऊ. माझ्या डोळ्यांना पटेना. लॅबला फोन केला: याच रनमध्ये दुसरा कोणता नमुना होता? शेजारीच एक धडधडीत सायनोव्हियल सार्कोमा होता, हजारो रीड्सवाला. त्याचेच शिंतोडे इकडे उडाले होते. पुन्हा चालवलं, शून्य. लॅबची माणसं प्रामाणिक होती, त्यांनी लगेच मान्य केलं. मीच जर स्लाइड न बघता सही केली असती तर?

पुढे, फ्युजन इन-फ्रेम आहे का. म्हणजे दुसऱ्या जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या जोडणीत बरोबर वाचली जातात का. प्रथिन तयार व्हायचं तर ते लागतं. कायनेज असेल तर कायनेजचा भाग फ्युजनमध्ये उरला आहे का. तो तुटून बाहेर गेला असेल तर औषध कशावर काम करणार? प्रमोटरची अदलाबदल असेल तिथे मात्र हा नियम तसाच्या तसा लावू नका. यूएसपी६च्या फ्युजनमध्ये त्याचा सगळा कोडिंग भाग शाबूत असतो, फक्त समोर दुसऱ्याचं इंजिन लागतं.

शेजारशेजारची दोन जनुकं एकाच दमात वाचली गेल्यामुळेही 'फ्युजन' दिसतं. निरोगी टिश्यूतही ते असतं. अनोळखी नाव आलं की दोन्ही जनुकं गुणसूत्रावर कुठे आहेत ते आधी बघा. एक्झॉनचे (जनुकाच्या जोडून राहणाऱ्या तुकड्यांचे) आकडे दोन लॅबच्या रिपोर्टांत जुळत नसतील तरी घाबरू नका. बऱ्याचदा फ्युजन तेच असतं, मोजायला घेतलेला ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत) वेगळा असतो. म्हणून ट्रान्सक्रिप्टचा क्रमांक रिपोर्टात हवाच.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. फ्युजन खरं आहे, रीड्स भरपूर आहेत, सगळं चोख. तरी निदान झालेलं नसतं. ईडब्ल्यूएसआर१::सीआरईबी१ आणि ईडब्ल्यूएसआर१::एटीएफ१ ही दोन फ्युजन क्लिअर सेल सार्कोमात सापडतात, जो भयंकर आजार आहे. तीच दोन्ही अँजिओमॅटॉइड फायब्रस हिस्टिओसायटोमात सापडतात, जो क्वचितच पसरतो. यातलं एटीएफ१वालं लाळग्रंथींच्या हायलिनायझिंग क्लिअर सेल कार्सिनोमातही असतं, आणि तो तर सार्कोमाच नव्हे. ईटीव्ही६::एनटीआरके३ तान्ह्यांच्या फायब्रोसार्कोमात, मूत्रपिंडाच्या मेसोब्लास्टिक नेफ्रोमात, स्तनाच्या आणि लाळग्रंथीच्या सिक्रिटरी कार्सिनोमात. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही. एस१०० आणि एसओएक्स१० जोरात असतील तर क्लिअर सेल सार्कोमा, लिंफोसाइट्सची कडा, जाड कॅप्सूल आणि डेस्मिन असेल तर अँजिओमॅटॉइड. निकाल शेवटी स्लाइडच देते.

फ्युजन म्हणजे कॅन्सर, हाही एक गोड गैरसमज. एका तरुण मुलीच्या हातावर तीन आठवड्यांत वाढलेली गाठ. पेशी तर्कूसारख्या, मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) खच्चून भरलेले. बाहेरून आलेल्या रिपोर्टात 'हाय ग्रेड सार्कोमा' लिहिलं होतं आणि मोठं ऑपरेशन ठरलं होतं. स्लाइडवर पेशी कल्चरच्या बशीत पसरल्यासारख्या सैल, मधे सांडलेल्या लाल रक्तपेशी, आणि भरपूर असूनही एकही मायटोसिस विकृत नाही. मी यूएसपी६चं फिश मागवलं. तुटलेलं. सिक्वेन्सिंगवर एमवायएच९::यूएसपी६. नोड्युलर फॅसाइटिस. हे फ्युजन २०११ मध्ये कळलं, आणि ही गाठ बऱ्याचदा आपोआप विरते. ऑपरेशन रद्द झालं. इथे फ्युजनने हात वाचवला. पण यूएसपी६ मागवावं असं मनात आलं ते स्लाइड बघूनच.

औषधाचा विषय

यावर ऑन्कॉलॉजिस्टनी लिहावं, मी पटकन पुढे जाते. एनटीआरके फ्युजनवर लॅरोट्रेक्टिनिबला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली, गाठ कोणत्याही अवयवातली असो. डर्मॅटोफायब्रोसार्कोमावर इमॅटिनिब २००६पासून आहे, एएलके फ्युजनवाल्या इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमरवर क्रिझोटिनिब २०२२पासून. तिन्ही ठिकाणी निशाण्यावर कायनेज आहे, आपल्या सुरुवातीच्या यादीतली दुसरी आणि तिसरी तऱ्हा. पहिल्या तऱ्हेतल्या फ्युजनवर थेट घाव घालणं अजून फार कठीण आहे. म्हणून 'फ्युजन सापडलं, आता गोळी मिळेल' असं घरच्यांना कोणी सांगत असेल तर त्याला कोणतं फ्युजन, ते विचारा.

काहीच सापडलं नाही तर

'फ्युजन आढळलं नाही' या वाक्याचे तीन अर्थ असतात: फ्युजन नाही, या पॅनलमध्ये ते जनुक नाही, किंवा आरएनए मेला होता. तुमच्या रिपोर्टात यातला कोणता, हे लिहिलंच पाहिजे. सीआयसी::डीयूएक्स४ तर चांगल्या आरएनएतही निसटतं, कारण डीयूएक्स४च्या असंख्य प्रती जिनोममध्ये विखुरलेल्या आहेत आणि सॉफ्टवेअर त्यांना 'कुठलं ते कळत नाही' म्हणून टाकून देतं. संशय दाट असेल तर लॅबच्या बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्याला सांगा, कच्च्या डेटात सीआयसीचे रीड्स डोळ्यांनी बघ. दोनदा मला असं उत्तर मिळालं आहे. दोन्ही वेळा ईटीव्ही४ आधीच पॉझिटिव्ह होतं, आणि तेवढ्याच आधारावर मी हट्ट धरला होता.

रिपोर्ट लिहिताना वरच्या ओळीत एकत्रित निदान द्या, फ्युजनचं नाव नव्हे. सर्जन वरची ओळ वाचतो आणि बरेचदा तेवढीच. खाली फ्युजन, दोन्ही एक्झॉन, ट्रान्सक्रिप्ट, पद्धत, टिश्यूची प्रत. निगेटिव्ह असेल तर कोणती जनुकं बघितली. आणि अगदी शेवटी माझी एक ओळ असते, जिच्यावरून सहकारी माझी थट्टा करतात. त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या दुसऱ्या बायॉप्सीपासून ती प्रत्येक सार्कोमाच्या रिपोर्टात जाते: "ब्लॉक बी २, डिकॅल न केलेला, अंदाजे ३ मिमी गाठ शिल्लक. आणखी कापण्याआधी फोन करावा."